यमक, खाणी आणि एक शब्दकोश : झुलू कवी बेनेडिक्ट विलाकाझी

पाणवठा :

आफ्रिकी साहित्याचा विषय आपल्याकडे निघाला की तो बहुधा अचेबे, सोयिंका आणि न्गुगी या तीन नावांपाशी थांबतो. त्यातही ‘आफ्रिकी लेखकाने कोणत्या भाषेत लिहावे’ हा वाद न्गुगींनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंग्रजी बाजूला ठेवून गिकुयू भाषेत लिहायला घेतले तेव्हा पेटला, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात दक्षिण आफ्रिकेत हा वाद १९३८-३९ साली दोन झुलू लेखकांमध्ये जाहीरपणे झडला होता. त्यातील एक बाजू लढवणारा माणूस कवी, कादंबरीकार, कोशकार आणि विद्यापीठातील भाषाभ्यासक असा सगळेच एकदम होता. त्याचे नाव बेनेडिक्ट वॉलेट विलाकाझी. त्याच्याविषयी मराठीत काही लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही, म्हणून हा धागा.

विलाकाझींचा जन्म ६ जानेवारी १९०६ रोजी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या प्रदेशातील ग्राउटव्हिल या मिशनच्या वस्तीत झाला. आईवडिलांनी ठेवलेले नाव बंबाथा. त्याच वर्षी डोईपट्टीच्या विरोधात नाताळमध्ये जे बंड झाले, त्याचा नायकही बंबाथा नावाचाच होता, आणि मुलाचे नाव त्याच्यावरून ठेवले असावे असे मानण्याचा मोह होतो. परंतु जन्म जानेवारीतला आणि बंबाथाचे बंड एप्रिलमधले, तेव्हा हा मोह आवरलेला बरा. लहानपणी गुरे राखणे आणि शाळा हे दोन्ही बरोबरीने चालले. पुढे मारियनहिल येथील रोमन कॅथलिक मिशनच्या शाळेत तो गेला आणि तेथे त्याला ‘बेनेडिक्ट वॉलेट’ हे नाव मिळाले. १९२३ मध्ये शिक्षकाचे प्रमाणपत्र मिळवून तो शिकवू लागला आणि नोकरी करता करता बाहेरून अभ्यास करून १९३४ मध्ये बी. ए. झाला.

१९३५ हे वर्ष त्याच्या आयुष्यातील कळीचे. त्या वर्षी जोहान्सबर्गच्या विट्‌वॉटर्सरँड विद्यापीठाने आफ्रिकी भाषांतील साहित्याची एक माला सुरू केली आणि तिचे पहिले पुस्तक म्हणून विलाकाझींचा ‘इन्कोन्द्लो काझुलु’ हा कवितासंग्रह छापला. झुलू भाषेतील हा पहिला छापील कवितासंग्रह मानला जातो. ‘नोमा निनी’ ही त्यांची कादंबरीही त्याच वर्षी आली, आणि पाठोपाठ त्यांना या विद्यापीठाच्या बांटू भाषा (झुलू ज्या कुळातली आहे त्या भाषा) विभागात नोकरी मिळाली. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या विद्यापीठात शिकवणारा तो पहिला आफ्रिकी माणूस. मात्र पद होते ते ‘भाषा-साहाय्यक’ असे. गोऱ्या विद्यार्थ्यांना झुलू शिकवण्याचे काम त्यांनी करावे, पण त्यांना ‘व्याख्याता’ म्हणू नये, अशी ती व्यवस्था होती. पुढे १९४६ मध्ये न्गुनी (झुलू, खोसा वगैरे) भाषांतील मौखिक आणि लिखित साहित्यावरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. ती मिळवणारे ते दक्षिण आफ्रिकेतील पहिले कृष्णवर्णीय. त्यानंतर दीडएक वर्षाने, २६ ऑक्टोबर १९४७ रोजी, मेंदूज्वराने त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ४१.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील खरी गोष्ट या सनावळीत सापडत नाही. त्यांच्यातील अभ्यासक आणि त्यांच्यातील कवी यांचे एका प्रश्नावर पटत नव्हते आणि तो प्रश्न वरकरणी अगदी क्षुल्लक होता : झुलू कवितेत यमक असावे की नसावे?

पारंपरिक झुलू कवितेत ओळीच्या शेवटी यमक नसते. विलाकाझी मिशनच्या शाळेत शिकले, इंग्रजी स्वच्छंदतावादी कवींवर पोसले गेले, आणि पहिल्या संग्रहात त्यांनी कडवी पाडली, यमके जुळवली. १९३८ मध्ये झुलू कवितेच्या विकासावर जो निबंध त्यांनी लिहिला त्यात या प्रयोगाचे समर्थन आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आपण पाश्चात्त्य कवितेचा बाह्य साज उचलला म्हणून तिचा आत्माही उचलला असे होत नाही. यावर नाटककार आणि कवी एच. आय. ई. ध्लोमो यांनी टीका केली. ध्लोमो स्वतः इंग्रजीत लिहीत आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्यांचे म्हणणे होते की यमक ही झुलू भाषेच्या प्रकृतीला न मानवणारी गोष्ट आहे. खरी ताकद पारंपरिक कवितेतील लयीत आणि नाट्यात आहे. उत्तरादाखल विलाकाझींनी १९३९ मध्ये वादाचा रोखच फिरवला. आफ्रिकी माणसाने आफ्रिकी वाचकासाठी आफ्रिकी भाषेत लिहिलेले तेच आफ्रिकी साहित्य. इंग्रजीत लिहिलेले, मग लिहिणारा कोणीही असो, ते इंग्रजी साहित्याच्याच खात्यावर जमा होणार, अशी ती भूमिका होती.

गंमत पाहा. इंग्रजीत लिहिणारा माणूस देशी रूपाचा कैवार घेत होता आणि झुलूत लिहिणारा माणूस इंग्रजी रूपाचा. दोघांपैकी कोणीही ढोंगी नव्हता. ज्याने भाषा सोडली त्याला रूप जपावेसे वाटले आणि ज्याने भाषा जपली त्याला रूपाशी खेळण्याची मुभा आहे असे वाटले, इतकेच.

या वादात विलाकाझी भाषेच्या मुद्द्यावर बरोबर होते आणि यमकाच्या मुद्द्यावर चुकत होते, असे मला वाटते. त्याचे कारण व्याकरणात आहे. झुलू शब्द जवळजवळ नेहमी स्वरान्त असतो आणि क्रियापदे तर ठरावीक दोन-चार प्रत्ययांनीच संपतात. त्यामुळे शेवटचा स्वर जुळवणे इतके सोपे असते की त्यात काही जुळवले असे ऐकणाऱ्याला वाटतच नाही. आपल्याकडे नवशिका कवी ‘जातो, येतो, गातो’ अशी ओळींची शेपटे बांधतो, त्यातला प्रकार. उपान्त्य अक्षर लांबवून उच्चारण्याची या भाषेची सवय असल्याने कानाला जाणवेल असे यमक हवे असेल तर शेवटची दोन्ही अक्षरे जुळवावी लागतात, आणि तसे करायला गेले की ओळ मोडते. या भाषेचा नाद असतो तो शब्दाच्या आरंभी. ‘अबान्तु अबाखुलु बायाहाम्बा’ म्हणजे मोठी माणसे चालली आहेत. ‘इझिन्कोमो एझिन्कुलु झियाहाम्बा’ म्हणजे मोठी गुरे चालली आहेत. नामाच्या वर्गाचा उपसर्ग विशेषणाला आणि क्रियापदालाही लागत जातो, त्यामुळे साधे वाक्यदेखील आपोआप अनुप्रासाने बांधले जाते. ज्या भाषेचे दागिने कपाळावर आहेत तिच्या पायात विलाकाझी पैंजण बांधू पाहत होते.

त्यांना हे कळले असावे. १९४५ च्या ‘अमालेझुलु’ या दुसऱ्या संग्रहात यमकाचा आग्रह बराच सैल झालेला दिसतो आणि त्यांची सर्वांत मोठी कविता याच संग्रहात आहे. तिचे नाव ‘एझिन्कोम्पोनी’. तिच्याविषयी प्रतिसादांत लिहीन.

बखरकार :

माहितीपूर्ण धागा आहे. एक शंका. ‘पारंपरिक झुलू कविता’ असे आपण म्हणता ती म्हणजे राजांच्या स्तुतीपर कविता असाव्यात. त्यांना आपल्याकडील पोवाड्याच्या जवळचे मानता येईल काय? शाहीर, त्याचा आश्रयदाता, पराक्रमाचे वर्णन, जाहीर सादरीकरण हे सर्व घटक तेथेही दिसतात.

पाणवठा :

मलाही आरंभी तसेच वाटत होते, पण पोवाडा हा शब्द येथे दिशाभूल करतो. पोवाड्यात कथा असते : मोहीम निघते, लढाई होते, कोणी पडते, कोणी जिंकते. झुलू ‘इझिबोंगो’मध्ये कथा नसते. तेथे नावांची रास असते. राजाला एकामागून एक उपाधी दिली जाते आणि प्रत्येक उपाधीच्या पोटात एखादा प्रसंग घडी घालून ठेवलेला असतो, जो ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतो. म्हणून आपला ‘बिरुदावली’ हा शब्द अधिक जवळचा आहे, आणि ती म्हणणारा ‘इम्बोंगी’ हा शाहिरापेक्षा भाटाच्या जवळचा.

परंतु भाट म्हटले की आपल्याला तोंडपुजेपणा आठवतो. इम्बोंगीचे तसे नाही. राजाच्या तोंडावर त्याचे दोष बोलून दाखवण्याचा परवाना त्याला परंपरेने दिलेला असतो. झुलू राज्य उभारणाऱ्या शाका राजाच्या बिरुदावलीत त्याच्या पराक्रमाबरोबर त्याचा क्रूरपणाही येतो. आणखी एक गोष्ट म्हणजे, ही बिरुदे केवळ राजांचीच नसतात. सामान्य माणसांची असतात, कुळांची असतात, इतकेच काय गुराख्याने आपल्या बैलांना दिलेलीही असतात. गुरे राखत वाढलेल्या विलाकाझींच्या कानावर ती पुस्तकी यमकाच्या कितीतरी आधी पडली असणार.

मृण्मयी :

‘एझिन्कोम्पोनी’विषयी आपण लिहिणार होता, त्याची वाट पाहत आहे. मी या कवीची ‘न्गोबा... सेवुथी’ ही कविता इंग्रजी अनुवादातून वाचली आहे. त्यात मजूर मालकाला उद्देशून बोलतो : मी हसतो, मोठ्याने गातो, म्हणून तू आता असे म्हणायला लागला आहेस की मला दुखत नाही, मी दगडासारखा आहे. शीर्षकाचा अर्थच ‘कारण... तू आता म्हणतोस’ असा होतो. मधली तीन टिंबे मला फार बोलकी वाटली. कारण सांगायला सुरुवात झाली आहे आणि ते पूर्ण व्हायच्या आत निष्कर्ष काढला गेला आहे.

पाणवठा :

टिंबांकडे आपण लक्ष वेधले हे फार चांगले झाले. माझ्या नजरेतून ते सुटले होते.

‘एझिन्कोम्पोनी’ म्हणजे ‘कंपाउंडांमध्ये’. मराठीत कंपाउंड म्हटले की डोळ्यांसमोर भिंत किंवा कुंपण येते. जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींवर कंपाउंड म्हणजे ज्या बंदिस्त बराकींमध्ये दूरदूरच्या खेड्यांतून करारावर आणलेल्या एकट्या पुरुषांना कोंबून ठेवले जाई ती जागा. बायकामुले गावी, पुरुष वर्षातील बहुतेक काळ जमिनीखाली. ‘कंपाउंड’चे झुलूत ‘इन्कोम्पोनी’ झाले, आणि विलाकाझींनी तोच राबता शब्द कवितेचे शीर्षक म्हणून घेतला. कोशकाराच्या हातून हे झाले याचे मला विशेष वाटते.

कवितेत खाणकामगार यंत्रांशी बोलतो. यंत्रांनो, पहाटेपासून गरजत राहा, तुमच्या गोंगाटात आमचे कण्हणे कोणाला ऐकू येणार नाही. ही यंत्रे समुद्रापलीकडून आली, आगगाडीने आत आली, त्यांच्या पोटात आग आहे. त्यांनाही कोणी विचारून आणलेले नाही, अशी एक चमत्कारिक सहानुभूती मध्येच डोकावते. खाणीतील धुळीने फुप्फुसे पोखरलेली माणसे खोकतात, आडवी होतात आणि मरतात. खाणीतून उपसलेल्या मातीचे ढीग डोंगरासारखे वाढत जातात. मग सूर चढतो : एक दिवस असा येईल की आम्ही ‘थांबा’ म्हणू. आणि हा सूर चढताच पुन्हा उतरतो. आपले हात दुबळे आहेत, पूर्वजांचे भाले तोकडे होते, हे बोलणाऱ्याला माहीत आहे. शेवटी तो यंत्रांना सांगतो की जरा हळू गरजा, मला झोपू द्या. जमिनीखालची ती झोप ज्या मातीत पूर्वज निजले आहेत तिचीच आहे.

धमकीपासून अंगाईपर्यंतचा हा उतार काही टीकाकारांना पराभूत वाटला. मला तसे वाटत नाही. १९४५ मध्ये ही कविता छापून आली आणि १९४६ च्या ऑगस्टमध्ये याच खाणींतील हजारो आफ्रिकी कामगार संपावर गेले. तो संप पोलिसी बळाने चिरडला गेला. कवितेने संपाची भविष्यवाणी केली असले काही मी म्हणणार नाही. परंतु तो चढ आणि तो उतार दोन्ही कवीने बाहेर जे पाहिले त्यातूनच आले आहेत, हे मान्य करावे लागेल.

तिरकस :

धागा उत्तम आहे, पण कवीविषयीच्या प्रेमापोटी एक मोठी अडचण येथे सतरंजीखाली सारली जात आहे. ‘आफ्रिकी भाषेत लिहिलेले तेच आफ्रिकी साहित्य’ हे वाक्य ऐकायला बाणेदार आहे. पुढे काय झाले ते पाहा. १९४८ मध्ये वर्णभेदवादी नॅशनल पक्ष सत्तेवर आला. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यानंतर मातृभाषेतून शिक्षण हेच आफ्रिकी मुलांना मागे ठेवण्याचे साधन बनले. झुलूंनी झुलू शिकावे, सोथोंनी सोथो, आणि कोणालाही जगाच्या व्यवहाराची भाषा नीट येऊ नये, असा तो डाव होता. आफ्रिकी भाषांतील पुस्तकांना शाळेखेरीज बाजारच उरला नाही, आणि शाळेत लागायचे तर पुस्तक निरुपद्रवी असावे लागे. म्हणजे विलाकाझींनी जी भूमिका स्वाभिमानाने घेतली तीच वर्णद्वेषी राजवटीच्या पथ्यावर पडली. ध्लोमो इंग्रजीत लिहीत होते ते कदाचित अधिक दूरदृष्टीचे नव्हते काय?

पाणवठा :

अडचण खरी आहे आणि मी ती टाळणार नाही. विलाकाझी वारले ऑक्टोबर १९४७ मध्ये; नॅशनल पक्षाचा विजय मे १९४८ मधला. सात महिन्यांचे अंतर. पुढे त्यांच्या शब्दांचा जो वापर झाला त्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येणार नाही, पण त्यांच्या भूमिकेतील एक कच्चा दुवा तेथे उघडा पडला हेही नाकारता येणार नाही. आपल्या पुस्तकाचा वाचक कोण आणि ते पुस्तक त्याच्यापर्यंत कोण पोहोचवणार, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मिशनचे छापखाने, विद्यापीठाची माला आणि शाळांचे अभ्यासक्रम या तिन्हींच्या चाव्या गोऱ्यांच्या हाती होत्या.

तथापि इंग्रजीत लिहिल्याने ध्लोमोंची सुटका झाली असेही दिसत नाही. त्यांची बहुतेक नाटके त्यांच्या हयातीत छापली गेली नाहीत. १९५६ मध्ये ते वारले, आणि त्यांचे लेखन एकत्रित स्वरूपात प्रसिद्ध व्हायला १९८५ उजाडले. विलाकाझी निदान शाळकरी मुलांच्या तोंडी राहिले. सक्तीने पाठ केलेली कविताही कधी कधी आत उरते.

आणि ‘निरुपद्रवी’ या शब्दाविषयी : ज्या संग्रहात ‘एझिन्कोम्पोनी’ आहे तो निरुपद्रवी म्हणणारा वाचक झुलू न जाणणारा असला पाहिजे.

तिरकस :

शेवटचे वाक्य मान्य. बाकीचे अंशतः मान्य.

जोहान्सबर्गकर :

कामानिमित्त काही वर्षे या शहरात आहे, म्हणून थोडी भर. सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वसाहतीत ऑर्लँडो वेस्ट भागात विलाकाझी रस्ता आहे आणि तो याच कवीच्या नावाचा आहे. नेल्सन मंडेला आणि डेस्मंड टूटू या दोघांचीही घरे या एकाच रस्त्यावर असल्याने पर्यटकांच्या बस तेथे दिवसभर येत असतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबतच्या वाटाड्याला मी विचारले की हे विलाकाझी कोण. तो म्हणाला, ‘इथले डॉक्टर होते.’ पुढची दोन वर्षे मी त्यांना दवाखाना चालवणारे सद्गृहस्थ समजत होतो. ही डॉक्टरकी कवितेवरील प्रबंधाची होती हे आज या धाग्यामुळे नीट समजले.

‘तिरकस’ यांच्या मुद्द्याला जोडून सांगतो. १६ जून १९७६ रोजी शाळकरी मुलांनी मोर्चा काढला तो शिक्षणात आफ्रिकान्स या, डचमधून निघालेल्या, सत्ताधारी गोऱ्यांच्या भाषेची सक्ती केल्याच्या विरोधात. त्या दिवशी पोलिसांच्या गोळीने मारला गेलेला बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन पडला तो विलाकाझी आणि मोएमा या रस्त्यांच्या कोपऱ्याजवळ. भाषेसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावर भाषेपायी मुले मेली. ती मुले मातृभाषेसाठी भांडत नव्हती, हेही लक्षात घ्यावे. लादलेली भाषा नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

कोशवाचक :

धाग्याच्या शीर्षकात शब्दकोश आहे आणि अजून त्याच्याविषयी कोणीच बोललेले नाही, म्हणून लिहितो. क्लेमंट डोक आणि विलाकाझी यांचा झुलू-इंग्रजी कोश १९४८ मध्ये, म्हणजे विलाकाझींच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. दोघांनी त्यावर अनेक वर्षे काम केले होते. पुढे त्याला इंग्रजी-झुलू भागाची जोड मिळाली आणि आजही झुलूचा अभ्यास करणाऱ्याला तो बाजूला सारून चालत नाही.

डोक हे बांटू भाषांचे मोठे व्याकरणकार. या भाषांत नाम आणि क्रियापदाइतकाच महत्त्वाचा असा एक स्वतंत्र शब्दवर्ग आहे, ज्यात नादाने, रंगाने, गतीने अर्थ सांगणारे शब्द येतात, हे त्यांनी ठासून मांडले. मराठी वाचकाला हे चटकन समजेल. झुलूत काळ्याकुट्टला ‘म्न्यामा भुके’ म्हणतात. ‘म्न्यामा’ म्हणजे काळा, आणि ‘भुके’ म्हणजे आपला ‘कुट्ट’. पांढरेफटक म्हणजे ‘म्ह्लोफे’ला लावलेले ‘क्वा’, ज्यातील ‘क’ हा जिभेने टाळूवर टचकारा मारून काढायचा असतो. अशा शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द देणे किती कठीण आहे, हे ‘कुट्ट’चा अर्थ एखाद्या परभाषिकाला सांगून पाहिल्यास कळेल. हे काम व्याकरणकाराला एकट्याने जमणारे नव्हते. त्याला कवीच हवा होता. मुखपृष्ठावर दोघांची नावे आहेत, पण विभागात एक प्राध्यापक होता आणि दुसरा साहाय्यक, हे कोश उघडताना मला दर वेळी आठवते.

आणखी एक दुवा, जो भारतीय वाचकाला रोचक वाटेल. हे डोक म्हणजे जोहान्सबर्गचे बाप्टिस्ट धर्मोपदेशक जोसेफ डोक यांचे पुत्र. १० फेब्रुवारी १९०८ रोजी मीर आलमने गांधीजींवर हल्ला केला, त्यानंतर जखमी गांधीजींना ज्यांनी आपल्या घरी नेऊन शुश्रूषा केली ते हेच जोसेफ डोक. १९०९ मध्ये गांधीजींचे पहिले चरित्र लिहिणारेही तेच. म्हणजे एका पिढीने ज्या माणसाचे चरित्र लिहिले तो तेव्हा जगाला माहीत नव्हता, आणि पुढच्या पिढीने ज्या माणसाबरोबर कोश लिहिला तो अजूनही जगाला फारसा माहीत नाही.

बखरकार :

डोक घराण्याचा हा धागा मला सर्वस्वी नवा आहे. गांधीजींच्या आठवणींत त्या घरातील लहान मुलीने त्यांना भजन म्हणून दाखवल्याचा उल्लेख आहे. ती ऑलिव्ह म्हणजे या कोशकाराची बहीण, हे आता जुळले.

मृण्मयी :

एक वेगळा मुद्दा. विलाकाझींच्या ‘इम्फुन्दो एफाकेमे’ म्हणजे ‘उच्च शिक्षण’ या कवितेचा उल्लेख व्हायला हवा. पुस्तकांबरोबर रात्री जागवलेल्या माणसाचे ते स्वगत आहे. जे शिकले नाहीत ते निवांत आहेत, आणि हा मात्र थकलेला, एकटा. शिक्षणाचा महिमा गाणाऱ्या मिशनच्या शाळेतून बाहेर पडलेल्या माणसाने हे लिहावे याला धैर्य लागते. धाग्यात आरंभी अभ्यासक आणि कवी यांचे पटत नव्हते असे म्हटले आहे. मला वाटते ते भांडण यमकापुरते नव्हते.

दुसरे, त्यांचा वारसा कोणी चालवला याविषयी. माझ्या वाचनात माझिसी कुनेने आले. १९३० मध्ये डरबनमध्ये जन्मलेले हे कवी. झुलू कवितेवरच प्रबंध लिहून १९५९ मध्ये लंडनला गेले, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे काम केले, पुढे लॉस एंजेलिसमध्ये प्राध्यापक झाले आणि १९९३ मध्ये परतले. तीन दशकांहून अधिक काळाच्या या परदेशवासात ते झुलूतच लिहीत राहिले. मायदेशी त्यांच्या लेखनावर बंदी होती आणि परदेशात झुलू वाचणारे नव्हते, म्हणून स्वतःच इंग्रजी अनुवाद करून ते छापत. शाकावरील त्यांचे महाकाव्य १९७९ मध्ये इंग्रजीत आले. मूळ झुलू संहिता ‘उनोदुमेह्लेझी कामेन्झी’ या नावाने २०१७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, प्रसिद्ध झाली. त्यांनी यमक वापरले नाही. ते थेट इझिबोंगोकडे परतले.

पाणवठा :

भांडण यमकापुरते नव्हते, हे मान्य. मी ते फार अरुंद करून मांडले.

कुनेनेंच्या ग्रंथाच्या नावामुळे मात्र माझ्या मनात बरेच दिवस घोळणारी एक गोष्ट सांगता येईल. ‘उनोदुमेह्लेझी’ हे शाकाचे सुप्रसिद्ध बिरुद आहे. अर्थ साधारण असा, की जो नुसता बसला असतानाही गरजतो. त्यातील ‘दुमा’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. आभाळ गडगडते त्याला ‘दुमा’ म्हणतात आणि माणसाची कीर्ती पसरते त्यालाही ‘दुमा’च म्हणतात. आता ‘एझिन्कोम्पोनी’ उघडा. कामगार यंत्रांना हाक मारतो ती ‘दुमानी’ अशी, म्हणजे ‘तुम्ही दुमा’. जे क्रियापद झुलू कानाला राजाच्या बिरुदावलीतून परिचयाचे आहे ते येथे सोन्याच्या खाणीतील यंत्राला बहाल केले आहे. पूर्वी बसल्या जागी गरजणारा राजा होता. आता बसल्या जागी गरजणारे यंत्र आहे, आणि त्याच्यासमोर उभा राहून त्याला त्याची बिरुदे आणि त्याचे दोष एका दमात ऐकवणारा मजूर हा इम्बोंगी आहे. हे माझे वाचन आहे, त्याचा दोष दुसऱ्या कोणाकडे जाऊ नये. पण या वाचनात विलाकाझींनी पाश्चात्त्य साज उतरवल्यावर आत काय सापडले ते मला दिसते.

ही कविता मराठीत आणण्याचा प्रयत्न करतो आहे आणि पहिल्याच शब्दाला अडलो आहे. ‘गरजा’ म्हटले तर वीररस येतो. ‘गडगडा’ म्हटले तर यंत्र कोसळल्यासारखे वाटते. मग सुचले ‘दुमदुमा’. योगायोग केवळ, या दोन भाषांचा काही संबंध नाही. पण ‘दुमदुमणे’त नादही आहे आणि कीर्तीही आहे, अगदी झुलू शब्दासारखी.

कोशवाचक :

शब्द मोहक आहे, पण मराठीत यंत्र दुमदुमत नाही. यंत्राच्या आवाजाने आसमंत दुमदुमतो. कर्ता बदलतो. ‘यंत्रांनो, दुमदुमा’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने मला खटकते.

पाणवठा :

ते मलाही खटकते आहे. ‘दुमदुमवा’ करून पाहिले, तर ‘काय’ असा प्रश्न उभा राहतो, आणि मूळ कवितेत त्याचे उत्तर नाही. तूर्त पहिली ओळ कोरी ठेवून दुसरीपासून पुढे गेलो आहे.